मृत्युपत्र केले, पण ते टिकेल काय?



या पानावर आम्ही एरवी बेणे बदल, खोडवा, हुमणी, माती परीक्षण असल्या विषयांवर लिहीत असतो. मृत्युपत्रावर लिहिण्याचा आमचा तसा अधिकार नाही. आम्ही शेतकी पदविकेची माणसे, वकील नव्हे. पण सभासद मयत झाला की उसाची नोंद कोणाच्या नावावर करायची, तोडीची चिठ्ठी कोणाच्या हातात द्यायची आणि बिल कोणाच्या खात्यावर वर्ग करायचे, हे तीन प्रश्न पहिल्यांदा आमच्याच टेबलावर येतात. कोर्टाची तारीख नंतर पडते, ऊस आधी पक्व होतो. म्हणून दोन-चार वकील मंडळींना विचारून, कागद चाळून, जे समजले ते आमच्या भाषेत सांगतो.

सुरुवात आमच्या गटातल्याच एका घरापासून करू. नाव-गाव सांगत नाही. सभासदाला आबा म्हणू.

आबांनी १९९८ साली मृत्युपत्र केले. विहिरीजवळचा गट धाकट्याला, ओढ्याकडचा चार एकराचा गट थोरल्याला, राहते घर दोघांत. रीतसर रजिस्टर केले, पेटीत ठेवले आणि निर्धास्त झाले. पुढे २०११ मध्ये धाकटा आजारी पडला. दवाखान्यासाठी विहिरीजवळचा गट विकावा लागला. वर्षभराने धाकटाही गेला. मागे त्याची बायको आणि दोन मुली. आबांचे शेवटचे सगळे त्या सुनेनेच केले. आबा आमच्याजवळ बांधावर बसून म्हणायचे, "साहेब, ओढ्याकडचं रान आता दोघांत करायचं. पोरींना उघड्यावर सोडून चालायचं न्हाई." आम्ही म्हणायचो, "आबा, मग कागद बदला की." त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले. "एकदा कागद झालाय. हंगाम संपू द्या, बघू." असे किती हंगाम गेले.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये आबा वारले. ओढ्याकडच्या रानात आदल्या जुलैची आडसाली लागण उभी होती. नोंद आबांच्या नावाची. दिवस होताच थोरल्याने मृत्युपत्राची नक्कल आणून दिली, ऊस माझ्या नावावर करा म्हणाला. चार दिवसांनी सुनेचा हरकतीचा अर्ज आला. विकलेल्या गटाखेरीज धाकट्याच्या नावाने त्या कागदात शेताचे एक गुंठाही उरले नव्हते. तो हंगाम कसा होता हे सर्वांना आठवते. २०२१-२२ ला राज्यात ऊस इतका झाला की गाळप जूनपर्यंत लांबले. त्यात हा भांडणातला ऊस. वीस महिने उलटून गेले, तुरे आले, कांडी पोकळ पडली, आणि शेवटी तोड झाली तेव्हा वजन कितीतरी घटले होते. बिल कोर्टाचा हुकूम येईपर्यंत अडकले. आबांना काय हवे होते हे सगळ्या भावकीला ठाऊक, पण कागदावर १९९८ सालच होते.

सात-बारावर नाव आहे म्हणजे सगळे आपले नव्हे

आपल्याकडे समज असा की जमीन माझ्या नावावर आहे, मी ती कोणालाही लिहून देईन. कायदा एवढेच म्हणतो की जे आपल्या मालकीचे आहे तेच मृत्युपत्राने देता येते. स्वतःच्या कमाईतून घेतलेली जमीन असेल तर ती हवी त्याला द्या. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मात्र १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे फक्त स्वतःच्या अविभक्त हिश्शाचे मृत्युपत्र करता येते. त्यापलीकडे जे लिहिले असेल ते कोर्ट बाजूला सारते. हा कायदा जैन, लिंगायत, बौद्ध सभासदांनाही लागू आहे. मुसलमान सभासदांचा नियम वेगळा. त्यांना वारसांच्या संमतीवाचून कर्ज व खर्च वजा जाता एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही.

हा स्वतःचा हिस्सा केवढा निघतो याचा देशभर दाखला म्हणून दिला जाणारा निकाल आपल्या सांगलीतूनच सुरू झाला आहे. १९६० साली एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. १९६२ मध्ये पत्नीने सांगलीच्या दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा लावला. खालच्या कोर्टाने तिला चोविसावा हिस्सा दिला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि एप्रिल १९७८ मध्ये तिचा हिस्सा सात चोविसांश ठरला. हिशेब असा. मरणाच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे धरायचे. ती वडील, आई व दोन मुलगे अशी चौघांत. म्हणजे वडिलांचा म्हणून जो हिस्सा निघाला तो फक्त पाव. त्या पावाचे पुन्हा सहा वारसांत सहा भाग. आईचा स्वतःचा पाव आणि वर चोविसावा, मिळून सात चोविसांश.

या प्रकरणात मृत्युपत्र नव्हते. पण असते, तरी ते त्या पाव हिश्शापुरतेच चालले असते.

त्या काळी मुली जन्मतः हिस्सेदार नव्हत्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये त्या वर्षीच्या जूननंतर लग्न झालेल्या मुलींना तो हक्क दिला. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून सर्वच मुलींना दिला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले की हा हक्क जन्माने आहे, २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही. तेव्हा तेच कुटुंब आज धरले तर वडील, आई, दोन मुलगे, तीन मुली असे सात हिस्से होतात. सात एकर वडिलोपार्जित रान असेल तर वडिलांचा एक एकर. त्यांनी सातही एकर दोन्ही मुलांना लिहून दिले असले तरी मृत्युपत्र चालेल ते त्या एका एकरापुरते. गावात म्हणतात, "कोर्टानं बापाचं विल मोडलं." वास्तविक बाकीचे सहा एकर बापाने द्यायचे नव्हतेच.

एक बारकावा राहून जाऊ नये. वडिलांकडून आले ते सर्वच वडिलोपार्जित, असेही नाही. वडील १९५६ नंतर वारले आणि त्यांची स्वकष्टाची जमीन वारसाने तुमच्याकडे आली, तर ती तुमची स्वतंत्र मिळकत धरली जाते, असे सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये सांगितले आहे. म्हणून वकिलाकडे जाताना नुसता आजचा सात-बारा नेऊ नका. जुने फेरफार काढून न्या. रान कोणत्या वाटेने आपल्याकडे आले त्यावर सगळे ठरते.

शिवाय स्वकष्टाची जमीन असली आणि ती सगळी एकाला दिली, तरी पत्नी, अज्ञान मुले, अविवाहित मुलगी, पुनर्विवाह न केलेली विधवा सून यांना काहीच दिले नसेल आणि त्यांच्या पोटाची दुसरी सोय नसेल, तर त्यांना त्या मिळकतीतून पोटगी मागता येते. तशी तरतूद १९५६ च्याच दत्तक व पोटगीच्या कायद्यात आहे. काही देशांत याहून पुढची मजल आहे. न्यूझीलंडमध्ये १९०० सालापासून कोर्ट मृत्युपत्रात हात घालून बायका-मुलांची तजवीज करू शकते. आपल्या शेजारच्या गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून मुले असतील तर निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखूनच ठेवावी लागते. आपल्याकडे तसे बंधन नाही.

कुळाची जमीन

कूळकायद्याने, म्हणजे ३२-ग प्रमाणे किंमत ठरून ज्यांना जमिनी मिळाल्या, असे कितीतरी सभासद कृष्णाकाठी आणि वारणेकडे आहेत. सात-बाराच्या इतर हक्कात नवीन शर्त किंवा कलम ४३ चा शेरा असतो, तो बघा. अशी जमीन परवानगीवाचून विकता, बक्षीस देता, गहाण टाकता येत नाही हे बहुतेकांना माहीत असते. मृत्युपत्राने देता येते अशी मात्र पुष्कळांची समजूत होती. गुजरातेतून हा वाद वर गेला. तिथला कूळकायदाही आपलाच, जुन्या मुंबई राज्याचा १९४८ चा. १५ जून २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने ठरवले की विक्रीने जे करता येत नाही ते मृत्युपत्राच्या आडून करता येणार नाही. वारस सोडून परक्याला केलेले मृत्युपत्र कलम ४३ च्या बंधनात येते, आणि बिगर शेतकऱ्याला शेतजमीन मृत्युपत्राने दिली तर कलम ६३ आड येते. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या, स्वतःचे रान नसलेल्या मित्राला किंवा एखाद्या संस्थेला जमीन लिहून ठेवणारांनी हे ध्यानात घ्यावे. महाराष्ट्रात २०१४ पासून प्रमाणपत्राला १० वर्षे झाली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा भरून विक्रीच्या परवानगीची अट सुटते. तहसील कचेरीत एकदा चौकशी करून हे काम हयातीतच उरकावे.

कारखान्याचा शेअर आणि नॉमिनी

हा भाग आमच्या घरचा म्हणून जरा सविस्तर सांगतो. सभासद होताना आपण फॉर्मवर वारस म्हणून एक नाव लिहितो. सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३० प्रमाणे सभासद मयत झाल्यावर कारखाना त्या नावाच्या माणसाला शेअर वर्ग करतो, ठेव व येणे रक्कम देतो, आणि तशी दिली की कारखाना मोकळा होतो. नंतर दुसऱ्या कोणी कारखान्याकडे मागणी केली तर चालत नाही. इतके सरळ आहे.

पण शेअर हातात आलेला नॉमिनी त्याचा मालक होतो काय? नाही. आयुर्विम्याच्या बाबतीत हे सुप्रीम कोर्टाने १९८३ च्या डिसेंबरातच सांगितले होते. कंपनीचे शेअर व म्युच्युअल फंड यांच्याबद्दल घोळ होता, तो अगदी अलीकडे मिटला, आणि प्रकरण आपल्या ओळखीच्या घरातले आहे. ज्यांचे ‘कालनिर्णय’ आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवर टांगलेले असते ते जयंतराव साळगांवकर २०१३ साली वारले. त्यांनी जून २०११ मध्ये मृत्युपत्र करून ठेवले होते. शिवाय चार कोटींहून अधिक रकमेचे म्युच्युअल फंड होते आणि त्यावर नॉमिनींची नावे होती. नॉमिनी म्हणाले, हे आता आमचे. मुंबई हायकोर्टाने २०१६ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने १४ डिसेंबर २०२३ रोजी ते मान्य केले नाही. नॉमिनी हा रक्कम ताब्यात घेणारा. मालकी मृत्युपत्राप्रमाणे, आणि ते नसेल तर वारसाहक्काप्रमाणे. एवढा जाणता, शिकलेला माणूस, कागद वेळेवर केलेले, तरी दहा वर्षे लागली. मग आपले काय?

आमच्या दप्तरात असे फॉर्म आहेत की नॉमिनी म्हणून आईचे नाव आहे आणि ती माउली जाऊन वीस वर्षे झाली. काहींवर लग्नाआधी लिहिलेले भावाचे नाव अजून तसेच. मृत्युपत्रात शेअर बायकोला, फॉर्मवर भावाचे नाव. असे झाले की कारखाना कायद्याप्रमाणे भावाला शेअर वर्ग करणार आणि मग बायकोने दिराच्या मागे लागायचे. दोन्हीकडे एकच नाव असू द्या. बँक, पतसंस्था, सोसायटी, पाणीपुरवठा संस्था इथल्या नावांचेही तेच.

कागद खरा असून पडतो तो कसा

मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. साध्या कागदावर होते. रजिस्टर केलेच पाहिजे असेही नाही. सातारा-सांगलीकडच्या माणसाला प्रोबेटही घ्यावे लागत नाही. करणाराने शुद्धीत सही किंवा अंगठा करायचा, दोन साक्षीदारांनी ते पाहायचे आणि त्याच्यासमोर आपल्या सह्या करायच्या. १९२५ च्या कायद्याचे कलम ६३ एवढेच मागते. इतके सोपे असून कागद कोर्टात पडतात, कारण ज्याला विचारायचे तो माणूस हयात नसतो. मग कोर्ट आजूबाजूचे सगळे बघते.

म्हैसूरकडच्या एका बाईच्या मृत्युपत्राच्या प्रकरणात नोव्हेंबर १९५८ मध्ये सुप्रीम कोर्टाने जे सांगितले त्यावर आजतागायत निकाल होतात. संशयास जागा असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणारावर. ज्याला लाभ व्हायचा त्यानेच लिहून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर कोर्ट सावध होते. लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाचा अंगठा दिसला, दवाखान्यातली तारीख दिसली, साक्षीदार परगावचे निघाले, तरी प्रश्न उठतात. आणि नोंदणी झाली म्हणून हे प्रश्न मिटत नाहीत, हेही सुप्रीम कोर्टाने साठ वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. रजिस्ट्रारचा शिक्का म्हणजे शंभर नंबरी, असे आपण समजतो ते तितके खरे नाही. तरीही नोंदणी करावी असेच आम्ही म्हणू. निदान कागद हरवत नाही, पाने बदलली जात नाहीत.

पंजाबातील एका प्रकरणात जुलै २०२५ मध्ये निकाल झाला, तो नवरेमंडळींनी नीट वाचावा. शेतकऱ्याने सगळी जमीन पुतण्याला लिहून दिली होती. बायको हयात, पण मृत्युपत्रात तिचे नावसुद्धा नाही, तिला का वगळले याचे एक अक्षर नाही. एवढ्यावरून सुप्रीम कोर्टाने संशय धरला आणि मृत्युपत्र मानले नाही. तेव्हा कोणाला कमी द्यायचे असेल तर कारण लिहा. "थोरलीला लग्नात व नंतर घर बांधण्यास अमुक दिले आहे" असे एक वाक्य पुरे होते. न लिहिण्यात भिडस्तपणा असतो, पण कोर्टाला तो दिसत नाही.

साक्षीदारांवरून किती कागद पडले असतील त्याला गणती नाही. महाराष्ट्रातलेच एक प्रकरण डिसेंबर २००२ मध्ये सुप्रीम कोर्टात निकाली निघाले. एक साक्षीदार कोर्टात आला, पण दुसऱ्याने सही केव्हा, कोणासमोर केली हे त्याला सांगता येईना. दुसरा साक्षीदार हयात होता, त्याला बोलावलेच नाही. मृत्युपत्र सिद्ध झाले नाही. म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान, गावातले, आणि कागदात ज्यांना काही मिळायचे नाही असे घ्या. एखादा डॉक्टर मिळाला तर फार चांगले. (आमच्या स्लिप बॉयला चहा पाजून साक्षीला बसवू नका. त्याची बदली होते आणि मग तो सापडत नाही.) साक्षीदार दोघेही वारले तर त्यांचे हस्ताक्षर ओळखणारा माणूस शोधावा लागतो. खरेदीखत वा इतर दस्त ३० वर्षांचा जुना झाला की तो खरा असल्याचे कोर्टाला गृहीत धरता येते, मृत्युपत्राला मात्र ती सवलत नाही. ते कितीही जुने असो, सिद्ध करावेच लागते.

बाबामहाराजांचे मृत्युपत्र

मरणाच्या दारात केलेला कागद आणि नंतर बदललेले घर यांचे काय होते, याचे आपल्या भागातले सर्वांत गाजलेले उदाहरण कोल्हापूरचे आहे. पहिल्या वर्गाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी पुण्यात पटकीने वारले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केले आणि लोकमान्य टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आदींना विश्वस्त नेमले. पत्नी ताईमहाराज गरोदर होत्या. मुलगा न झाला किंवा होऊन न जगला, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी तजवीज होती. म्हणजे मरणाऱ्याने पुढचा विचार केला नव्हता असे नाही.

पण झाले काय? टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर होते, आणि पुढच्याच महिन्यात दीड वर्षाची शिक्षा होऊन तुरुंगात गेले. जानेवारी १८९८ मध्ये मुलगा झाला, दोन महिन्यांत गेला. जून १९०१ मध्ये औरंगाबादेस पंडित घराण्यातला जगन्नाथ दत्तक घेतला गेला. लगेच बेबनाव होऊन ताईमहाराजांनी कोल्हापुरात दुसराच मुलगा दत्तक घेतला, आणि विश्वस्तांचे प्रोबेट रद्द करावे म्हणून अर्ज केला. मुलगा जन्मला तेव्हाच इस्टेट त्याची झाली, तो गेल्यावर आईची. मग विश्वस्तांचा संबंध कोठे उरला, असा त्यांच्या बाजूचा मुद्दा. १९०२ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशाने प्रोबेट रद्द केले, आणि वर टिळकांवरच खोट्या शपथेचा वगैरे खटला भरण्याचा हुकूम केला. १९०३ मध्ये शिक्षाही ठोठावली गेली. १९०४ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडले. दत्तकाचा दिवाणी दावा पुढे चालूच. १९०६ मध्ये पुण्यात टिळकांच्या बाजूने, १९१० मध्ये हायकोर्टात विरुद्ध, आणि १९१५ मध्ये विलायतेत प्रिव्ही कौन्सिलात पुन्हा बाजूने. एका दिवसात लिहिलेला कागद अठरा वर्षे भांडला गेला. टिळकांसारखा कायदा जाणणारा मनुष्य विश्वस्त असून ही अवस्था.

धडधाकट असताना केलेला कागद असता, विश्वस्तास अडचण आली तर कोणी पाहायचे याची तजवीज असती, तर एवढे वाढले असते काय, हे सांगणे अवघड आहे. आम्हाला वाटते, कमी वाढले असते.

केव्हा बदलायचे

मृत्युपत्र हयातीत कितीदाही बदलता येते. कोणाची परवानगी लागत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. आबांची समजूत तेवढीच चुकीची होती. शेवटचे असेल ते खरे. आधीचे रजिस्टर असले आणि नंतरचे साधे असले, तरी रीतसर केलेले नंतरचेच चालते. थोडाच बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र करता येते, त्यालाही दोन साक्षीदार लागतात. मात्र जुन्या कागदावर पेनाने गट नंबर खोडून वर दुसरा लिहिणे हा उद्योग कृपा करून करू नका. सही-साक्षीवाचून केलेली खाडाखोड धरली जात नाही. उलट सगळ्या कागदावर संशय येतो. नव्यात "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" असे लिहा आणि जुने फाडून टाका.

खोडवा ज्याप्रमाणे तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोडावा लागतो, तसे वर्षांचे बंधन इथे नाही. घरात काही घडले की कागद काढून वाचायचा. जमीन विकली, कालव्यात वा रस्त्यात गेली, तर त्या जमिनीपुरते लिहिलेले दान बुडते. त्याऐवजी दुसरे काही आपोआप मिळत नाही. नेमके हेच आबांच्या घरात झाले. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचे गट झाले, वाटणीने पोटहिस्से पडले, तर कागदातला नंबर आणि आजचा नंबर जुळत नाही. म्हणून नंबराबरोबर चतुःसीमा लिहा. ज्याला दिले तो आपल्याआधी गेला तर काय? तो मुलगा वा मुलगी असेल आणि मागे लेकरे असतील, तर दान बुडत नाही, त्याच्या वारसांकडे जाते. पण पुतण्या, सून, भाचा असा कोणी असेल तर त्याच्याबरोबर दानही संपते. म्हणून "तो हयात नसल्यास अमक्याला" हे शब्द लिहिलेले बरे. शेवटी एक कलम असे असावे की, वर ज्याचा उल्लेख राहिला ती सर्व मिळकत अमुक यांना. साक्षीदार वारला, व्यवस्थापक नेमलेला माणूस थकला, तर नवे करा.

महिला सभासदांसाठी एक वेगळे सांगतो. तुमच्या नावावर जे आहे ते तुमचे आहे. त्याचे मृत्युपत्र तुम्हालाही करता येते. आमच्याकडे महिला सभासद पुष्कळ आहेत, पण "मी विल केलंय" असे सांगणारी बाई आम्हाला वर्षातून एखादीच भेटते.

आता आबांच्या घराचे. सुनेच्या वकिलाने जुने फेरफार काढले. ओढ्याकडचे रान आबांच्या आजोबांपासूनचे निघाले. आबांची बायको आधीच वारलेली. तेव्हा त्यांचे म्हणणे असे की हिस्से चार. आबा, थोरला, धाकट्याची शाखा आणि लग्न होऊन गेलेली मुलगी. चार एकरातला एक एकरच आबांना लिहून देता येत होता, तो थोरल्याला जावो. त्याचा स्वतःचा एक धरून त्याचे दोन. पण धाकट्याच्या मुलींचा एक एकर आणि आत्याचा एक एकर मृत्युपत्राने हलत नाही. ज्या कायद्याने बापाचे विल मोडते म्हणून गावात ओरड होते, तोच कायदा इथे पोरींच्या पाठीशी उभा राहू पाहतो. आबांच्या मनात होते त्याच्या निम्मेच त्यांना मिळेल, तेही निकाल लागल्यावर. दावा अजून चालू आहे. गेल्या हंगामात मात्र थोरल्याने समजूतदारपणा दाखवला. तिघांच्या सहीने संमतीपत्र दिले, ऊस वेळेवर तुटला, आणि बिल तिघांच्या संयुक्त खात्यात पडून आहे.

वारस नोंद बदलण्याचा फॉर्म प्रत्येक गट ऑफिसात ठेवला आहे. येताना सभासद क्रमांक, आधार कार्ड व ज्याचे नाव लावायचे त्याचा एक फोटो आणावा. पूर्वी कोणाचे नाव दिले होते हे आठवत नसेल तरी हरकत नाही, ते आम्ही रजिस्टर बघून सांगतो. सभासदाने स्वतः यावे. मुलाला फॉर्म घेऊन पाठवल्यास तो परत पाठवला जाईल.